छगनसरांच्या खुर्चीवर

पर्वत पाटिया भागातल्या त्या शेडमध्ये कापडाचे लूम चालवण्यात धनश्रीच्या वडिलांची, बाबुरावांची, उभी हयात गेली. आता लूम विकले गेले होते आणि शेड रिकामी पडली होती. सुट्टीच्या दुपारी धनश्रीचं क्वार्टेट, चार तंतुवाद्यांचा संच, तिथे रेकॉर्डिंगला आलं.

"ले व बेटा, चावी. काई चिंता करू नको," बाबुराव म्हणाले.

"चिंता कसली, बाबा?" ती हसली.

उगाच नाही हसली. वर्षानुवर्षं तिने छगनसरांच्या शेजारी बसून दुसरं व्हायोलिन वाजवलं होतं. सर गेल्या महिन्यात गेले आणि पहिल्या व्हायोलिनची खुर्ची तिच्याकडे आली. तिच्या जुन्या जागेवर गायत्री आली, चेलोवर योगराज आणि व्हायोलावर दिपाली होतेच. हे रेकॉर्डिंग आयोजकांना पसंत पडलं तर व्हिएन्नाचा दौरा, नाहीतर क्वार्टेट मोडणार. धनश्रीला मात्र स्वतःवर पूर्ण भरवसा होता.

अशा वादनात समोर उभं राहून हात हलवणारा कुणी नसतो. पहिलं व्हायोलिन वाजवणारा नाकाने श्वास ओढतो आणि त्या श्वासावर चौघांचे गज तारांवर पडतात.

रेकॉर्डिंग करणाऱ्या शुभमने हेडफोन चढवून रेकॉर्डर चालू केला. धनश्री श्वास घेणार, तोच बाकी तिघं सुरू झाले. अगदी एकदम.

"योगराजभाई, एवढी घाई?"

"तूच तर श्वास घेतलास..." योगराज गोंधळून म्हणाला.

पुन्हा सुरुवात. या वेळी तिनेही ऐकला, कानामागून आलेला लांब, घरघरता श्वास. लवंगेचा वास आला. वाजवण्याआधी लवंग चघळायची सरांची सवय होती. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला.

"सर," ती मागे न बघता हळूच म्हणाली, "ही खुर्ची आता माझी आहे. उठा..."

वास विरला. धनश्रीने छातीभर श्वास ओढला आणि चौघांनी एका जिवाने सूर उचलला. सर असतानाही ते इतके सुंदर वाजले नव्हते. शेवटचा सूर लांबवून तिने झोकात गज हवेत उचलला. जिंकलो आपण, तिला वाटलं.

"ताई, बंद करू?" शुभमने विचारलं.

"कर."

"मग... गायत्रीबेनना थांबायला सांगा ना. हेडफोनमध्ये अजून त्यांचा बारीक सूर येतोय."

धनश्रीने वळून पाहिलं. गायत्रीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई... मी नाही वाजवत..."

तिचा हात मात्र थांबत नव्हता, आणि लवंगेचा वास आता तिच्या खुर्चीकडून येत होता.