माजघराची मुभा

"आक्का आज निऱ्या काढायलाच विसरली, डॉक्टर! परवापर्यंत ठणठणीत होती."

मिरजेचे मेंदूतज्ज्ञ डॉ. शिरगुप्पे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "यंत्र ठीक आहे. सुनंदाताई, तुम्ही मनात काय बदललंत?"

सुनंदा चपापली.

त्या काळी बहुतेकांच्या कानामागे स्मृतिसंच असे. त्याचे दोन भाग. ओसरी, म्हणजे चारचौघांना दाखवायच्या आठवणी; आणि माजघर, म्हणजे जिथं चिटपाखरूही शिरू नये तो आतला भाग. मेंदूच्या झटक्यानं आक्काच्या, म्हणजे सुनंदाच्या आईच्या, आठवणी पुसल्या गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या संचाला लेकीची 'माजघर-मुभा' मिळवून दिली. सुनंदाच्या आत थेट ये-जा करायची परवानगीच ती! ओसरीवरची आई काय, गोडगोडच असते हो. तिच्यावर माणूस उभं राहत नाही. आक्का उभी राहिली ती सुनंदाच्या माजघरातल्या आईच्या आठवणींवर.

"परवा मावशी बोलून गेली," सुनंदा पुटपुटली. "मी सोळाची असताना पुण्याच्या जलतरण संघात माझी निवड झाली होती. आक्कानं परस्पर नकार कळवला आणि मला सांगितलं, निवड झालीच नाही. धादांत खोटं! डोकंच फिरलं माझं. पण मी तिला एका शब्दानं बोलले नाही हो."

"बोलला असतात तर बरं झालं असतं. माजघर नुसतं आपलं असतं, तोवरच तिथं हवी तशी मांडामांड करता येते. तुमच्या खांबांवर आता दुसऱ्याचं छप्पर आहे."

"म्हणजे मी रागवायचंही नाही?"

"रागवा की. ओसरीवर रागवा. आत नको."

"आणि मुभा काढून घेतली तर?"

"तर त्या तुम्हाला ओळखणार नाहीत. स्वतःलाही नाही."

काय ही उफराटी तऱ्हा! आजवर माणसं राग गिळून तोंडदेखलं हसत आली. हिनं तोंडानं भांडायचं आणि आत माया राखायची. माया म्हणजे काय नळ आहे, फिरवला की सुरू? सुनंदा तणतणतच घरी पोचली.

आक्का पलंगावर बसली होती. डोळे भरलेले.

"सुनंदा, मी तुला पोहायला का गं नाही पाठवलं?"

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. खरं कारण झटक्यासरशी कायमचं पुसलं गेलं होतं. आता आक्का ते लेकीच्या माजघरात धुंडाळत होती, आणि तिथं नुसता राग धुमसत होता. तिथं जे सापडेल, तेच आक्काचं होणार होतं.

सुनंदानं डोळे गच्च मिटले. एक कारण धरलं आणि जिवाच्या आकांतानं ते खरं मानलं.

"तुला भीती वाटली, आक्का. मी बुडेन म्हणून."

"हो गं बाई," आक्काचा चेहरा उजळला. "भीतीच वाटली. एकुलती एक तू माझी."

सुनंदा तिच्या कुशीत शिरून ओक्साबोक्शी रडली. हे आक्का बोलली, की आपणच आपल्याशी बोललो, ते तिला आता जन्मात कळणार नव्हतं.