एका ‘व’चा फरक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलीय, आणि शेवटचा भाग तर मी माझ्या कानांनी ऐकलाय. रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती, रस्त्यावर माणसं होती. जागा म्हणजे बस थांब्यासमोरचं आमच्या आजोबांचं हॉटेल.

बंद पडलेलं.

गावात दुसरी हॉटेलं नव्हती असं नाही. पण परगावचा माणूस बसमधून उतरला की त्याचे पाय आपोआप आमच्याकडे वळायचे. जागा म्हणाल तर एवढीशी. आत शिरल्यावर उजवीकडे गल्ला, पुढे टेबलं, आणि मागच्या भिंतीत स्वयंपाकघराची चौकोनी खिडकी. ताटं त्या खिडकीतून बाहेर यायची. खिडकीमागे आचारीकाका, कायम घामाघूम, अबोल. आजोबा गल्ल्यावर बसून गावभरच्या गप्पा हाणायचे, पण खिडकीकडे तोंड करून बोलायचे ते दोनच शब्द.

दारात माणूस दिसला की, "वाढ!"

तो बसायच्या आधी. काय हवं ते विचारायच्या आधी. आतून ताट यायला उशीर झाला की गल्ल्यावर तळहाताच्या दोन थापा. थप थप.

आणि रात्री शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन गेलं की, "वाढव!"

‘बंद कर’ असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं, असं म्हणायचे. आचारीकाका एरवी महिन्याला एक वाक्य बोलायचे, पण हे त्यांचंच: "शेठच्या अख्ख्या धंद्यात एका ‘व’चाच फरक."

आम्ही हसायचो.

त्या ‘व’नेच घात केला.

आजोबांना अर्धांगवायू झाला. जीभ जड पडली, बोलणं थांबलं. हॉटेलवरच्या खोलीत त्यांचा पलंग होता. मावशी थोरली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. खाली हॉटेल बघायची, वर आजोबांना. जिना चढून उतरून तिच्या पायांचे पार तुकडे पडले होते. त्या दिवसांत कोणी चांगलं बोलायला गेलं तरी वसकन अंगावर यायची.

एका दुपारी आजोबांनी तिचा हात धरला. कितीतरी दिवसांनी तोंडातून शब्द फुटला.

"वाढ..."

पुढेही ओठ हलले. मावशीला ऐकू आलं, "वाढव."

तिला रडूच कोसळलं. बाबांनी आपल्याला मोकळं केलं! ती तशीच, जिन्यात उभ्या असलेल्या आचारीकाकांना ओलांडून, खाली आली. जेवणाऱ्यांचं उरकू दिलं, आचारीकाकांना म्हणाली, "बाबांनी वाढव म्हटलंय," आणि भर दुपारी शटर ओढलं.

वर गेली तर आजोबा गेलेले होते. डोळे दाराकडे लागलेले.

हॉटेल परत उघडलं नाही. कोणी हळहळलं तर मावशी ताठ मानेने सांगायची, "बाबांचा शेवटचा शब्द होता. मोडायचा कसा?"

जागा बरीच वर्षं तशीच पडून राहिली. मग एका चष्मेवाल्याने दुकानासाठी मागितली. सगळं ठरलं, संध्याकाळी किल्ली द्यायची होती. म्हणून मावशी दुपारीच उरलीसुरली भांडी आवरायला गेली. सोबत तिचा जेवणाचा डबा होता.

शटर अर्धं वर केलं. आत धूळच धूळ. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या...

एक सोडून.

गल्ल्याजवळच्या टेबलाची खुर्ची खाली होती. थोडी मागे ओढलेली. ‘चष्मेवाला जागा बघायला आला होता, त्यानेच काढली असेल मेल्याने,’ असं पुटपुटत मावशीने ती वर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

भांडी पोत्यात भरता भरता तिचा हात थांबला.

बाहेरचा आवाज येत नव्हता.

बस नाही. हॉर्न नाही. साधं कुत्रंसुद्धा नाही. आणि कुठूनतरी कांदा परतल्याचा वास येत होता...

शेगडी तर केव्हाच विकली होती.

बाहेर खुर्ची सरकली. फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज, अगदी ओळखीचा.

"कोण आहे?"

मग गल्ल्याकडून... जड जिभेने...

"वाढ..."

बापाचा आवाज लेक विसरेल? मावशी श्वास रोखून पुढच्या ‘व’ची वाट बघत राहिली.

‘व’ आलाच नाही.

"वाढव... असंच ना, बाबा?" तिने विचारलं. "वाढवलं की मी. तेव्हाच वाढवलं."

थप थप.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. बाबा हॉटेलाबद्दल बोलतच नव्हते. त्यांना भूक लागली होती. मरायला टेकलेल्या माणसाने घासभर अन्न मागितलं आणि आपण जाऊन शटर ओढलं!

तिने पोत्यातून ताट काढलं, पदराने पुसलं. डब्याचं झाकण उघडलं. ताट वाढून खिडकीत ठेवलं आणि पाठ करून उभी राहिली.

मागे ताट सरकलं...

वळून बघायची तिची छाती झाली नाही. बऱ्याच वेळाने गिऱ्हाइकांच्या हात धुवायच्या बेसिनचा नळ सुटला. पाणी तोडलेलं होतं, तरी सुटला. मग एकदम बसचा हॉर्न वाजला, रस्त्यावरचा गलका आत आला. मावशी वळली. ताट खिडकीतच होतं. अन्न जसंच्या तसं, पण गारढोण. डब्यात उरलेलं मात्र अजून वाफाळत होतं.

ती तशीच आचारीकाकांच्या घरी गेली. "काका, त्या दिवशी तुम्ही जिन्यात होतात. बाबा काय म्हणाले?"

काका म्हणाले, "ताई, मला तर ‘वाढ’ असंच ऐकू आलं. मी ताट घ्यायलाच वळलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हटलं, लेकीला बापाचं बोलणं आपल्यापेक्षा जास्त कळतं."

चष्मेवाला संध्याकाळी आला तो हात हलवत परत गेला. "ताई, शब्द दिला होतात तुम्ही!" असं म्हणत चिडला.

"शब्दाचंच तर लफडं झालंय रे बाबा," मावशी म्हणाली.

तेव्हापासून रोज दुपारी ती ताट घेऊन जायची. खिडकीत ठेवायची, पाठ करून उभी राहायची. ताट सरकायचं, नळ सुटायचा. मग ती वाट बघायची. आजोबांनी तोंडाने ‘वाढव’ म्हटल्याशिवाय किल्ली हलणार नाही, असं तिने सांगून टाकलं होतं. स्वतःचं जेवण सुटलं. झोप उडाली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी आईने मला बजावलं, "तू जा गं तिच्याबरोबर. काय चाललंय ते एकदा बघून ये."

काल गेले.

खरं सांगते, मनातून हसत होते. पण ताट सरकल्याचा आवाज आला आणि हसू जागच्या जागी जिरलं. मागे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी मावशीकडे बघत राहिले. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते.

नळ सुटला. थांबला.

आणि मग...

"वाढव."

स्पष्ट. जाड, पुरुषी आवाज. आजोबांचाच.

मावशीने माझा हात गच्च धरला. "ऐकलंस? म्हणाले गं! सुटले माझे बाबा!" रडत होती, हसत होती. मी मान हलवली.

आवाज आजोबांचा होता. पण ओठ मावशीचे हलले होते.

तिला ते कळलंच नव्हतं. तिने शटर ओढलं, कुलूप लावलं आणि लहान मुलीसारखी भराभरा रस्ता ओलांडला. मी मागे राहिले होते. शटरच्या आतून आवाज आला...

थप थप.

मी पळाले.

रात्री मावशी गाढ झोपली. आज सकाळी तिने चष्मेवाल्याला फोन केला, उद्या किल्ली घेऊन जा म्हणाली. मी दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं. आचारीकाका तेव्हा गप्प का बसले, ते मला आता कळतंय.

आज दुपारी तिकडे कोणीच ताट नेलं नाही. आम्ही दोघी घरीच टेबलाशी जेवायला बसलो. कितीतरी दिवसांनी तिने स्वतःहून वाढून घेतलं. घास उचलला, आणि थांबली.

"टेबल का आपटतेस गं?"

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

"चुकून लागलं," मी म्हणाले.

ती हसली आणि जेवायला लागली.