तिसरा हिस्सा

कॉफी आणखी हवी असेल तर आत्ताच ओतून घ्या. गोष्ट सुरू झाल्यावर मधे उठलेलं मला खपत नाही. आणि ब्रेंट, तो फोन खिशात घाल बाबा. आगीच्या बंबाशेजारी बसलायस, कुठं आग लागलीच तर डोक्यावरचा भोंगा कोकलेल की.

टेकडीवरचं बिडवेलांचं घर माहितीय ना?

"ते पिवळं? तिथं भूत आहे म्हणतात, चेटकाका."

म्हणणाऱ्यांना काय, तोंड आहे. मी कागदांचा माणूस. उभा जन्म टाउन हॉलच्या तळघरात जुनी खरेदीखतं चाळण्यात गेला माझा. कुणाची जमीन कुणाकडून कुणाकडं आली ते हुडकायचं आणि वकिलाच्या हातात द्यायचं. भुताबितांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण वॉरन बिडवेल माझा समोरचा शेजारी. त्याच्या घरात जे झालं ते त्याच्या बायकोच्या तोंडून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच ऐकलंय, त्यामुळं हसायचं असेल तर बाहेर बर्फात जाऊन हसा.

वॉरनची पहिली बायको मार्शा. गुणी बाई. तिला बिडवेलांची वंशावळ लावायचं वेड होतं. इंग्रज राजाच्या काळात या टेकडीवर पहिलं झाड तोडलं ते कॅप्टन जेरेड बिडवेलनं, तिथपर्यंत ती एकटी जाऊन पोचली. तेव्हाच्या खतांत हद्द कशी लिहायचे ठाऊक आहे? 'तीन घाव घातलेल्या पांढऱ्या ओकपासून दगडांच्या ढिगापर्यंत.' ओक मेला, ढीग कुणीतरी कुंपणाला नेला, पण मार्शा चिकाटीनं एकेक शेत जोडत गेली. सगळं एका मोठ्या कागदावर सुबक अक्षरात काढलं, चौकट करून पूर्वेच्या खोलीत लावलं आणि दोन वर्षांत कॅन्सरनं गेली.

मग वॉरननं लॉरेनशी लग्न केलं. लॉरेन हसरी, कामाला वाघीण, स्वयंपाकाला तर विचारू नका. पण मेलेल्या सवतीशी तिचं उभं वैर. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. लॉरेननं पडदे बदलले, कपबश्या बदलल्या, मार्शानं लावलेली लायलॅकची झुडपं मुळासकट उपटली. वॉरन बिचारा जेवताना नुसतं म्हणाला, "यात जायफळ घालायचे ना आधी?" की संपलं! चार दिवस बाई बोलायची नाही.

वंशावळीला मात्र तिनं हात लावला नाही. तिला ती मोडायची नव्हती, तिला त्यात मार्शाला हरवायचं होतं.

एक दिवस आली माझ्याकडं तळघरात. "चेट, तिला जे सापडलं नाही ते मला शोधून द्या."

"अगं, तिनं काही शिल्लक ठेवलंय का?"

"एवढी काही शहाणी नव्हती हं ती! मी बसते इथंच."

आणि खरंच बसली. हिवाळाभर. डोळे फुटायची वेळ आली, पण अखेर तिला सापडलं. कॅप्टनला दुसरी बायको होती. मेहिटेबल. तिला मूल नव्हतं म्हणून मार्शाच्या कागदावर तिचं नावच नव्हतं. लॉरेन अशी खूश झाली की तिनं माझ्या गालाचा मुका घेतला. "बघा! तिला सापडली नाही, मला सापडली!"

आता हे नीट ऐका, म्हणजे पुढं मधेच 'का, का' करणार नाही. त्या काळी नवरा मेला की मालमत्ता मुलांची. विधवेला तिसरा हिस्सा, तोही तिच्या हयातीपुरता. घरातलासुद्धा. कॅप्टन गेल्यावर मेहिटेबलला पूर्वेची खोली मिळाली, आणि तिथून दारानं स्वयंपाकघरात येऊन विटांच्या भट्टीत पाव भाजायची मुभा. बाकी घर सावत्र मुलांचं. पोरांनी काय करावं? ऐन थंडीत ते मधलं दार खिळे ठोकून बंद केलं. खोलीत चूल नाही. बर्फ वितळल्यावर दार उघडलं तेव्हा...

असो. तेव्हापासून त्या घराचं प्रत्येक खरेदीखत बघा. 'मेहिटेबलच्या जाण्यायेण्याच्या हक्कासह' असं वाक्य आहेच. आधीच्या खतात होतं म्हणून पुढच्यात उतरवलं, कुठल्याही वकिलाला खोडायचं धाडस झालं नाही. पण ही मेहिटेबल कोण, ते लॉरेनला सापडेपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. वॉरनच्या खतातसुद्धा आहे. आणि बिडवेल लोक हिवाळ्यात झोपताना मधलं दार किलकिलं ठेवतात. बाप ठेवायचा म्हणून मुलगा ठेवतो.

मी हे सगळं लॉरेनला सांगितलं. तिनं काय ऐकलं असेल?

तिनं फक्त एवढंच ऐकलं की वॉरन रोज रात्री उठून एक दार उघडतो. कारण आदल्याच आठवड्यात तिनं त्याला विचारलं होतं, आणि तो गाढव म्हणाला होता, "आमच्यात उघडंच ठेवतात. मार्शा कधी विसरायची नाही."

"मेहिटेबल नि फेहिटेबल!" लॉरेन माझ्यावर उखडली. "ते दार तो तिच्यासाठी उघडतो, चेट. त्या खोलीत तिचा कागद आहे, तिचं टेबल आहे. ती रात्री यावी म्हणून उघडतो. आणि मी शेजारी झोपलेली असते, मी!"

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला वाईट वाटलं. पण बाईच्या मनात एकदा सवत शिरली की तिथं कुणाचं काही चालत नाही.

चार वर्षांमागं फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी आधी पाऊस झाला, मग तो गोठला, मग त्यावर बर्फ. आठवतंय? वॉरन गावाचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. जेवण करून निघाला. डोक्यावर टोपी चढवत म्हणाला, "दार तेवढं उघडं ठेव हं, लॉरेन."

लॉरेननं दुपारीच हार्डवेअरच्या दुकानातून नवी पोलादी कडी आणली होती. ट्रकचा आवाज उताराला लागल्यावर तिनं ती मधल्या दाराला स्वयंपाकघराच्या बाजूनं बसवली. चार स्क्रू. मग मनात आलं, आज सगळंच संपवू. मार्शाचा कागद काढू आणि शेगडीत घालू.

मेणबत्ती घेऊन ती पूर्वेच्या खोलीत गेली. वीज मघाशीच गेली होती. फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर. चौकट खिळ्यावरून काढायला तिनं दोन्ही हात वर केले...

मागं दार लागलं.

वाऱ्यानं असेल, तिला वाटलं.

मग कडी सरकली.

नवीन कडी ती. तेल न घातलेली. सरकताना करकरली. सावकाश.

"वॉरन?"

काही नाही.

तिनं दार ढकललं. हलेना. खिडक्यांना हिवाळ्याच्या जादा काचा स्क्रूनं बसवलेल्या. बाहेर बर्फ चौकटीपर्यंत. तोंडाची वाफ दिसायला लागली. तिनं दारावर मुठी आपटल्या, वॉरनला हाका मारल्या, मला हाका मारल्या. मी रस्त्यापलीकडं तीन गोधड्यांखाली घोरत होतो.

मग पलीकडं कुणीतरी चालू लागलं.

बुटांचा आवाज नव्हता. अनवाणी... ओल्या पायांचा. टेबलापाशी. शेगडीपाशी. मग थांबला.

"मार्शा?" लॉरेन म्हणाली. तिनंच मला सांगितलं, घाबरण्याआधी तिला राग आला. "माझ्या स्वयंपाकघरात काय करतेस तू?"

पाय पुन्हा चालू लागले. भिंतीपाशी आले... जिथं जुनी भट्टी आहे तिथं. ती भट्टी वॉरनच्या आजोबानं बुजवून टाकलीय. लोखंडी झाकणाभोवती सिमेंट फासलंय.

झाकण उघडल्याचा आवाज आला.

मग वास... राय नावाच्या धान्याच्या आणि मक्याच्या पिठाचा, भाजलेला.

लॉरेन जमिनीवर बसली. पायांची बोटं बधिर झाली होती. मेणबत्ती विझली. आणि त्या अंधारात बाईला कळलं की पलीकडं कोण आहे. मार्शाला पाव करता यायचा नाही. गावाला माहीत होतं ते. ती दुकानातून आणायची.

"मेहिटेबल," ती म्हणाली. "मला... मला वाटलं, तो तिच्यासाठी उघडतो."

तिनं अंधारातच चाचपत दाराला हात टेकला.

"मीपण दुसरीच आहे गं."

पाय दाराशी आले. दारापलीकडं... अगदी पलीकडं... कुणीतरी उभं होतं. श्वास नव्हता.

मग लाकडावर सुरी. एकदा. दोनदा.

आणि कडी सरकली.

उजाडताना तिचा मला फोन आला. मी पायजम्यावरच बूट चढवून रस्ता ओलांडला. मला वाटलं बाई रडत असेल. ती चक्क हसत होती! केस विस्कटलेले, ओठ निळे, अंगावर वॉरनचा कोट, आणि चेहऱ्यावर जत्रेत बक्षीस जिंकून आलेल्या पोराचा आनंद. सगळं मला एका दमात सांगितलं. मग टेबलाकडं बोट केलं.

ताटलीत पावाचा तुकडा होता. गोल पावाचा, काळपट, जाड सालीचा. दोन सरळ घाव घालून काढलेला. मी हात लावला. ऊन होता.

"बाकीचा पाव कुठाय?"

"बाकीचा नाहीच. मी आले तेव्हा एवढाच होता. चेट, बघा ना, बरोबर तिसरा हिस्सा! तिनं मला हिस्सा दिला. तिनं मला घरातली मानलं. इतकी वर्षं मार्शा या घरात होती. तिला दिला होता का कधी? सांगा ना! तिला दिला होता?"

मी त्या तुकड्याकडं बघत राहिलो. उभा जन्म मी हेच वाचत आलोय, पोरांनो.

नव्हता दिला मार्शाला. मार्शा नवऱ्याआधी गेली होती.

"वॉरन..." मी म्हणालो. "वॉरन किती वाजता येतो गं?"

"येईलच आता. का?"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग ताटलीकडं बघितलं तिनं. मग पुन्हा माझ्याकडं. ते हसू तिच्या चेहऱ्यावरून जाताना मी पाहिलंय, आणि देवाशप्पथ, तसलं काही पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

बाहेर गाडी थांबली. ट्रक नव्हता. पोलिसातला डेल पायऱ्या चढून आला. दारात उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली.

ट्रक पुलाच्या कठड्यावरून ओढ्यात गेला होता. रात्रीच कधीतरी.

लॉरेन आता पूर्वेच्या खोलीत झोपते. मधलं दार सताड उघडं असतं. ती कडी तिनं स्वतःच्या हातानं काढली. मार्शाचा कागद भिंतीवर आहे, आणि त्यावर कॅप्टनच्या नावाशेजारी तिनं मेहिटेबलचं नाव लिहिलंय. मार्शाच्या नावाशेजारी स्वतःचं लिहिलं नाही अजून. विचारलं तर म्हणते, "राहू दे, चेट. पहिली तीच."

वॉरनला पुरलं त्या दुपारी सगळे बाहेर पाहुण्यांत होते. मी एकटा स्वयंपाकघरात गेलो. भट्टीचं झाकण पाहिलं. आजोबांचं सिमेंट जसंच्या तसं. कोळ्याचं जाळंसुद्धा मोडलेलं नव्हतं. शेगडी सकाळपासून थंड होती.

मी विटांवर हात ठेवला.

गरम होत्या.