हॉलिसबर्गचं पोस्टकार्ड

किडे येतात म्हणून ओसरीवरचा दिवा मालवला, तसे एनॉस काका खुर्चीत पुढे सरकले. "अर्सुला पेटिग्रूने स्वतः सांगितलंय मला," ते पुतण्यांना म्हणाले. "पन्नास वर्षं ओळखतो तिला. तरी यातलं सगळं मला कळलंय, असं म्हणणार नाही."

गेल्या ऑक्टोबरची सोळा तारीख, गुरुवार. अर्सुलाबाई संध्याकाळी एक पोस्टकार्ड आणायला निघाल्या. एवढंच काम.

१९२० साली हॉलिसबर्गच्या गोऱ्यांनी काळ्यांची वस्ती एका रात्रीत जाळली. शहराच्या दप्तरी मेले सहा. अर्सुलाबाईंनी अडतीस वर्षं दारोदार हिंडून नावं जमवली, एकशे बेचाळीस. सापडत नव्हता तो फक्त खड्डा. गिरणीच्या आवारात पुरलं, असं म्हातारे सांगत. पण आवार चाळीस एकरांचं. सोमवारपासून तिथे नव्या बांधकामाचं काँक्रीट पडणार होतं आणि ते थांबवायचं का, यावर शुक्रवारी सकाळी नऊला नगरपालिकेत शेवटची सुनावणी होती.

त्यात ग्रेडी नावाच्या गोऱ्याचा फोन आला. त्याची आजी वारली होती. घरातलं सामान विकायला काढताना एक कार्ड सापडलं होतं.

अर्सुलाबाई मागच्या दाराने गेल्या.

"मागच्या का, काका?"

"सवय, बाळा. गोऱ्याच्या घरी लहानपणी आईबरोबर तिथूनच जायची. बेल वाजवली आणि स्वतःचाच राग आला तिला."

"केक-बिस्किटांच्या पाककृतींच्या डब्यात होतं बघा," ग्रेडी म्हणाला. "आजी फार गोड बाई हो. मुंगी मारायची नाही."

कार्डावर त्या जाळपोळीनंतरचा फोटो होता. प्रेतांचा ढीग. भोवती इस्त्रीचे सदरे, रविवारच्या टोप्या, बायकांचे पंखे. सगळे हसत होते. मागे सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'डावीकडून तिसरा मी. उकाडा फार. मावशीला मुरंबा पोचला का?'

अर्सुलाबाईंनी कार्ड पाकिटात सरकवलं. हे त्या डब्यात... साखर-लोण्याच्या मापांशेजारी... शंभर वर्षं.

"जपून हं, मॅडम. दुर्मीळ आहे."

त्यांनी तिथल्याच नळावर हात धुतले. पुन्हा धुतले.

ढिगामागे काय आहे, ते दिसत नव्हतं. पण पुरावा तर होता. उद्या सुनावणीत फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा, असं ठरवून त्या निघाल्या.

रात्री आठ चाळीसला गाडी नदीच्या बांधावरच्या रस्त्याला लागली. मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून त्यांनी चर्चमधल्यासारखी भजनाची ओळ सोडली. आपल्याकडे एक जण ओळ सोडतो आणि सगळे ती उचलून लांबवतात, तशी.

मागच्या सीटवरून ती उचलली गेली.

"रेडिओ असेल, काका!"

"बंद होता."

एक आवाज नाही. दोन नाहीत. खूप. संथ. काचा थरथरत होत्या. जळक्या लोकरीचा वास. अर्सुलाबाईंनी आरशात पाहिलं नाही.

"उद्या..." त्या म्हणाल्या. "उद्या मी सगळ्यांना दाखवणार आहे... तुम्हाला कसं..."

गाणं थांबलं.

एकदम.

तेव्हा त्यांना कळलं. फोटोत हसणाऱ्यांचीच नातवंडं-पतवंडं उद्या खुर्च्यांवर बसणार. कॉफी पीत. आणि पुन्हा तो ढीग बघणार. स्वतःच्याच विचाराची त्यांना शिसारी आली.

"मग दाखवू काय?"

नुसता रस्ता...

घरी पोचून त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. ते शुक्रवारी सभागृहातच उघडलं. ग्रेडी आला होता. कार्ड पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काल इथे... मी स्वतः पाहिलं... इथे होते ते..."

ढीग नव्हता. तो जिथे होता त्याच्या मागे उघडा खणलेला चर दिसत होता. चरापलीकडे गिरणीचं धुराडं आणि लोखंडी फाटक, एका रेषेत. नगरपालिकेच्या इंजिनियरने नकाशा उलगडला, पट्टी ठेवली, आणि एका जागी बोट टेकवलं. काँक्रीट थांबलं. तिसऱ्या दिवशी पहिली कवटी निघाली.

"पण काका, फोटोतली माणसं गेली कुठे?"

एनॉस काका खुर्चीत मागे टेकले.

"ठाऊक नाही. कार्ड अजून तिच्याकडे आहे, पाहिलंय मी. ढीग होता तिथे मोकळं गवत आहे नुसतं. आणि भोवती ते सगळे... त्या गवताकडे बघून हसताहेत."