खंडेनवमीची शून्यं

"मॅडम, ड्रिलचा दांडा तुटला. मजूर गोटीरामच्या पायाचा चुरा झालाय. लगेच निघा, कंपनाच्या शीटवर तुमची सही लागेल."

पेठजवळच्या बोगद्यावरून सुपरवायझर दिनेशचा फोन आला आणि वैष्णवीचं डोकंच फिरलं.

दोन वर्षं खपून तिने तो कंपमापक बनवला होता. बॅटरी नाही, वायर नाही. ड्रिल थरथरलं की त्या थरथरीवरच त्याची वीज तयार व्हायची आणि तो साइटवरच्या लॅपटॉपला नोंद पाठवायचा. कंपन हद्दीबाहेर गेलं की काम थांबवायचं. इतकं साधं, तरी माणूस जायबंदी झालाच!

इंदिरानगरहून ती तणतणतच पोचली. केबिनमध्ये ड्रिल चालवणारा हिरामण मान खाली घालून उभा होता.

"यानेच जोर लावून दांडा तोडला," दिनेश म्हणाला. "शीट बघा, कंपन आठवडाभर हद्दीत. सही करा, पोलिसांत याचं नाव देतो."

"हिरामणभाऊ, ड्रिल कसं चालत होतं?"

"चार दिस हाताला झणझणत व्हतं, ताई. साहेबांना सांगितलं. म्हणले, शीट चांगली हाय."

"मधे कधी बंद होतं?"

"खंडेनवमीला. धुऊन हळदकुंकू वाहिलं. मग दिसभर कोण हात लावील?"

वैष्णवीने शीट पुन्हा चाळली. खंडेनवमी. सकाळी आठ, शून्य. नऊ, शून्य. संध्याकाळपर्यंत शून्यच.

"दिनेशसाहेब, ही शीट कुणी काढली?"

"मशीननेच. पूजेची सुट्टीसुद्धा बरोबर आलीय की."

"तिथेच फसलात. तुम्ही आधी बॅटरीचे मापक वापरलेत. ते बंद ड्रिलवरही दर तासाला शून्य लिहितात. माझा मापक थरथरीवरच जगतो. ड्रिल गप्प, तर वीज नाही. वीज नाही, तर नोंद नाही. त्या दिवशी शून्यं नव्हे, कोरी जागा हवी होती. हे आकडे तुम्ही भरलेत. खरी फाइल उघडा."

दिनेशने लॅपटॉप पुढे सरकवला. शेवटचे चार दिवस हद्दीबाहेरच्या नोंदींनी लालभडक होते.

"दिवाळीआधी बोगदा आरपार करा म्हणून वरून तगादा होता," तो पुटपुटला.

"हिरामणभाऊ, तुम्ही सुटलात," वैष्णवी म्हणाली.

हिरामणचा चेहरा जराही सैल पडला नाही.

"आकडे बोलले तवा ऐकलं, ताई. मी बोललो तवाच काम थांबलं असतं, तर गोटीराम आज पायावर उभा असता."

वैष्णवीला त्याच्याकडे बघवेना.