अजून पंधरा मिनिटं

दुपारच्या ट्रेनिंगला फार दात काढत होता ना रे? आग विझवायचं सिलिंडर बगलेत धरून फोटो काय, पोज काय! या, बसा इकडे. हे माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलेलं आहे. खोटं बोलत असेन तर बायको घरात घेणार नाही.

शुक्रवार, आठ तारीख. गोदामाच्या तळमजल्यावर पाइपाचं वेल्डिंग रात्री साडेनऊला संपलं आणि वेल्डर घरी गेला. मेव्हण्याचं काम एवढंच, की शेवटच्या ठिणगीनंतर एक तास तिथेच बसून कुठे धूर निघतो का ते बघायचं. वर माळ्यावर पाच रंगारी दिवसभर राबून गाढ झोपले होते. उतरायला जिना एकच.

घरी त्याची लेक तापाने फणफणलेली. बायकोचे फोनवर फोन. सव्वादहाला गडी उठला. "पाऊण तास झाला की! आता काय आभाळ कोसळणार आहे?" असं म्हणत दारापर्यंत गेलासुद्धा.

मागून कोणीतरी म्हणालं, "अजून पंधरा मिनिटं आहेत, बाळा."

वळून बघतो तर कोणी नाही. फक्त त्याचं स्टूल... कोपऱ्याकडे सरकलेलं. आणि त्या कोपऱ्यात, पुठ्ठ्यांच्या मागे, धूर.

धावत जाऊन सिलिंडर उचलेपर्यंत पुठ्ठे भडकले. सिलिंडरच्या दांड्यातली पिन ओढतोय... निघेना. घाबरलेला माणूस दांड्यावर मूठ आवळतो, आणि मूठ आवळली की पिन अडकते. तुम्हाला आज सांगितलं ना? त्यालाही सांगितलं होतं. जाळ जिन्याकडे निघाला. रंगाऱ्यांना हाका मारल्या, तर वर कोणी जागं होईना...

"मूठ सैल सोड."

कानाशी. अगदी कानाशी.

त्याने सोडली. पिन निघाली. पण त्याने ओढली नव्हती...

मग मात्र हात आपोआप चालले. आगीच्या बुडाशी फवारा धरला, झाडू मारावा तसा इकडून तिकडे फिरवला. विझली. रंगारी खोकत खाली आले. पाचही.

तेवढ्यात पुन्हा तोच आवाज. या वेळी बोबडा, दातांत काहीतरी धरून बोलल्यासारखा. "आता जा. लेक वाट बघतेय."

फोन आला तसा मी गोदामावर पोचलो; त्याने हे सांगितलं आणि मी आवाज ओळखला. त्या गोदामावर आधी आमचे वस्ताद पहाऱ्याला असायचे. पिन हरवू नये म्हणून ती दातांत धरायची त्यांची खोड. जन्मात एकदाच ते तास पुरा न करता उठले. पंधरा मिनिटं आधी. रस्त्यावरून धूर दिसला, परत आत धावले... ते बाहेर आलेच नाहीत. मेव्हणा कामाला लागला तो त्यानंतर दोन वर्षांनी. वस्तादांना त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

मेव्हण्याला घरी पाठवून रात्री मी आणि रंगाऱ्यांनी ती पिन सगळीकडे शोधली. नाही सापडली. गोदामाला कुलूप लावून किल्ली मी माझ्या खिशात ठेवली.

सकाळी सात वाजता मीच कुलूप उघडलं. पिन स्टुलावर होती. उचलली...

ओली होती.