एक्केचाळीस सेकंद

“घड्याळबाई, ताबडतोब वर या. पुन्हा तेच झालंय!”

प्रमुखांचा फोन ठेवून तिने गळ्यातले स्टॉपवॉच चाचपले. संगणकावरचा खेळ लोकांपर्यंत जाण्याआधी तपासायचा, तो उघडायला किती वेळ लागतो ते मोजायचे, हे तिचे काम. बारा वर्षे ती इतरांचे ताटकळणे मोजत आली होती; स्वतःचे मोजायचे राहूनच गेले.

वरच्या काचेच्या खोलीत प्रोग्रामर भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक. खेळ उघडायला मिनिटाहून अधिक वेळ लागे आणि कंटाळलेले खेळाडू निघून जात. तो वेळ कमी करण्यासाठी चार महिने खपल्यामुळे सगळे त्याला घाईबुवा म्हणत.

“हा म्हणतो नऊ सेकंद,” प्रमुख कडाडले. “मी उघडला की एक्केचाळीस! आठ दिवस थापा ऐकतोय.”

“माझ्या मशीनवर नऊच लागतात, साहेब. आईशप्पथ!”

“चारच्या बैठकीत सिद्ध कर. नाहीतर टेबल रिकामं कर. खोटे आकडे देणारा माणूस मला नको.”

तिने तीन मशीन निवडली. एक कोरे करकरीत, एक मध्यमवयीन, एक अडगळीतले, ज्याचा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरत होता. एक्केचाळीस. एक्केचाळीस. एक्केचाळीस.

ती थबकली. म्हातारा बैल आणि तरणा घोडा एकाच क्षणी वेशीवर पोचत असतील, तर वेस कुणीतरी अडवून धरली आहे.

“तुझ्यानंतर खेळाला कुणाचा हात लागतो?” तिने घाईबुवाला विचारले.

“संध्याकाळी चित्रकार बाई चित्रं चढवतात, मग सूरकाका आवाज. पण बाई पंधरा दिवस रजेवर आहेत. चित्रं जुनीच आहेत.”

“तू तपासतोस तेव्हा आवाज चालू असतो?”

“छे! दिवसातून शंभरदा तीच टुणटुण कोण ऐकणार? बाकीचे नुसता स्पीकर बंद ठेवतात, मी तर खेळातला आवाजच बंद करतो.”

ती पुन्हा बसली. या वेळी स्पीकर वाढवून, डोळे मिटून. एक धून हलक्या पावलांनी जिना चढू लागली; मधल्या पायरीवर जणू कुणाची आठवण होऊन थांबली, मग उरलेले अंतर न रडता चढून गेली. शेवटचा सूर विरला. त्याच क्षणी पडदा उघडला.

तिने पुन्हा लावून पाहिले. पुन्हा तसेच.

सूरकाकांच्या खोलीत भिंतींना जाड स्पंज होता. तिथे शब्दसुद्धा पडल्या जागी मरत. तिला घड्याळबाई न म्हणणारा या इमारतीतला हा एकच माणूस.

“ये पोरी. आज चेहरा का उतरलाय?”

“काका, या खेळात तुमच्या धुना किती होत्या?”

“सतरा.”

“आता?”

“लढाईतली गोंगाट म्हणून गेली. जंगलातली उदास म्हणून. करता करता एकच उरली, थांबण्याची.”

“आणि घाईबुवानं थांबणंच काढून टाकलं.”

काकांनी हातातले हेडफोन अलगद खाली ठेवले.

चार वाजता तिने सगळ्यांसमोर खेळातला आवाज बंद करून खेळ उघडला. नऊ. मग चालू करून. एक्केचाळीस.

“घाईबुवा खोटं बोलला नाही, साहेब,” ती म्हणाली. “अडचण खरी असती, तर जुन्या मशीनला जास्त वेळ लागला असता. तिन्हींना सारखाच लागतो, म्हणजे हे थांबणं कुणीतरी मुद्दाम घातलंय. थांबायच्या पडद्यावरची धून बरोबर एक्केचाळीस सेकंदांची आहे, आणि ती एकदाही मध्येच तुटत नाही. आवाज चढवताना एक सोय असते: धून संपेपर्यंत पडदा रोखायचा. ती आठ दिवसांपूर्वी सुरू झाली. खेळातला आवाजच बंद असला की रोखायला काही उरत नाही, म्हणून घाईबुवाला ते कधी दिसलंच नाही. आणि आवाज चढवणारा माणूस एकच आहे.”

तिने नाव घेतले नाही. काका स्वतःच उठले.

“नऊ सेकंदांत ती समेवर येत नाही, साहेब. बोलत्या माणसाचं तोंड दाबावं तसं होतं.”

“आणि या पोराची नोकरी?”

“माहीत होतं मला.” त्यांचा आवाज कोरडा होता. “रोज सांगायचं ठरवायचो. रोज वाटायचं, आजचा एक दिवस पूर्ण वाजू दे.”

संध्याकाळी टेबल रिकामे झाले, फक्त दुसऱ्याचे. काका जाताना तिच्या दारापाशी क्षणभर रेंगाळले. “येतो, घड्याळबाई,” म्हणाले.

थोड्या वेळाने घाईबुवा आला. “तुमचे उपकार झाले. पण एवढं काय होतं हो त्या धुनेत? मी ऐकलीच नाही कधी.”

तिने ती सोय काढून नव्याने बांधलेला खेळ उघडला, आवाज वाढवला. धून जिना चढू लागली. नवव्या सेकंदाला, मधल्या पायरीच्याही अलीकडे, ती तुटली. पडदा लख्ख उघडला.

“एवढीच?” त्याने विचारले.

तिने घड्याळ थांबवले.

“एवढीच.”